वांग शीझीचा कित्ता, की त्याच्या नकलनवीसांचा?

बोरूबहाद्दर: इ.स. ३५३ मध्ये चीनमधल्या शाओशिंगजवळ वांग शीझी या सुलेखनकाराने ‘लानतिंग प्रस्तावना’ (एका कवितासंग्रहाची प्रस्तावना) लिहिली. २८ ओळी, ३२४ अक्षरं. चीन-जपानमधला सुलेखनाचा विद्यार्थी आजही तिच्यापाशी येतोच. पण वांगच्या हातचा एकही कागद उरलेला नाही. मूळ प्रत थांग घराण्याचा सम्राट ताइत्सुंग याच्याबरोबर पुरली, असं परंपरा सांगते. आपण गिरवतो ती सातव्या शतकातल्या दरबारी नकलनवीसांची करामत. तेव्हा हा प्रभाव वांगचा कमी, थांग दरबाराच्या आवडीचा जास्त. नवशिक्याने सरळ यान झेनछिंग या थांगकालीन सुलेखनकाराचा ७७९ चा शिलालेख घ्यावा. आडवी रेघ बारीक, उभी जाड. हात चुकला की लगेच कळतं.

दुरेघी: नक्कल म्हणून इतकी झटकू नका. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातली, फंग छंगसू या दरबारी नकलनवीसाच्या नावावरची प्रत नीट बघा. अशा प्रतींसाठी मेण दिलेला पारदर्शक कागद मूळावर ठेवून बारीक कुंचल्याने अक्षराच्या दोन्ही कडा आखायच्या आणि मग आत शाई भरायची. या प्रतीत मूळ कुंचल्याच्या फाटलेल्या टोकाचे सुटे केससुद्धा उतरलेत. ‘उंच डोंगर’ ही राहून गेलेली दोन अक्षरं ओळीच्या कडेला घुसडली आहेत, तीही तशीच. ‘झी’ (‘चा-ची-चे’सारखं) हे अक्षर वीसेक वेळा येतं, दर वेळी निराळं. दरबारी आवडच चालवायची असती, तर आधी खाडाखोड साफ केली असती!

बोरूबहाद्दर: मक्षिकास्थाने मक्षिका, मान्य. पण आखणीतून कड मिळते, वेग नाही. नवशिका मग अक्षर लिहीत नाही, रंगवतो. शिवाय थांगकालीन सुलेखनकार ओयांग शूनच्या नकलेवरून कोरलेली मानली जाणारी प्रत घ्या: मजकूर तोच, चाल संथ आणि भारदस्त. फंगची चपळ. यातला वांग कोणता? १९६५ मध्ये इतिहासकार क्वो मोरुओने तर नानजिंगला सापडलेल्या त्या काळच्या समाधिलेखांचं वळण दाखवून ‘लानतिंग’ वांगची नाहीच म्हटलं होतं.

ओला कागद: आणि सुलेखनाचा अभ्यासक गाओ अरशीने त्याला लगेच उत्तरही दिलं होतं. दगडावरचं औपचारिक वळण आणि कागदावरचा धावता हात यांची तुलनाच चुकीची.

आता कामाचं. ६७२ चा, ह्वाइरेन या बौद्ध भिक्षूचा शिलालेख शीआनला आहे. ह्यूएनत्संगच्या (पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला तोच) भाषांतरांना सम्राटाने लिहिलेली प्रस्तावना त्यावर वांगच्या अक्षरांत आहे. अक्षरं एकेक करून जमवलेली. जी मिळाली नाहीत ती तुकडे जोडून केलेली. त्यामुळे घडण शिकायला उत्तम, पण एका अक्षरातून दुसऱ्यात जाणारा ओघ तिथे शोधू नका. अशा शिलालेखावर कागद चिकटवून शाईचा ठसा घेतात आणि तोच गिरवतात; तो घेताना कागद जास्त ओला राहिला तर शाई झिरपते आणि बारीक रेघा बुजतात. विद्यार्थी ती बोथट टोकं इमानेइतबारे गिरवत बसतात.

‘लानतिंग’ची फंग प्रत जेमतेम २४.५ × ६९.९ सेंमी, म्हणजे एका ओळीला अडीच सेंमी. तीच अक्षरं दहा सेंमीची करून मऊ बकरीच्या केसांच्या कुंचल्याने लिहिली की वळणं सुजणारच. छोटा, ताठ, वीझल (मुंगसासारखा प्राणी) केसांचा कुंचला घ्या, आकार मूळाएवढाच ठेवा. खळ-तुरटी न दिलेल्या ‘शुआन’ या चिनी हातकागदावर हात रेंगाळला की डाग फुटतो. वेग शिकवणारा गुरू तोच.

बोरूबहाद्दर: कुंचल्याचं पटलं. पण कागद वेग शिकवणार असेल तर तो यान गिरवतानाही शिकवेल. पहिले सहा महिने शिलालेखच, मग खुशाल लानतिंग.

दुरेघी: सहा महिने जाड उभ्या रेघा घोटून बसलेल्या मनगटाला मग ‘झी’ची ती शेवटची सुटी रेघ कोण शिकवणार?

ओला कागद: दोन्ही एकदम चालू द्या. सकाळी दगड, संध्याकाळी शाई.