अनुभव धागा : फोन दुसऱ्याच्या हाती नेमका कुठे द्यावा लागला?

धाग्यामागचा हेतू

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला आणि केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, प्रक्रियेसाठी वीस निर्देश दिले. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींच्या आणि एका दृष्टिहीन नागरिकाच्या याचिकांवरचा हा निर्णय आहे. ज्यांच्या पापण्यांना इजा झाली आहे त्यांना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करता येत नाही, आणि तेवढ्या एका अटीपायी त्यांची ओळख पटवण्याची प्रक्रिया अडत होती. निर्णय वाचल्यापासून मला वाटते आहे की अशा अडणाऱ्या जागा आपण सर्वांनी मिळून लिहून ठेवाव्यात.

म्हणून विचारते : कोणत्या टप्प्यावर तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला? ‘ॲप अवघड आहे’ एवढे लिहून ते बनवणाऱ्याला काहीच कळत नाही, त्यामुळे बटण कोणते होते, वेळ किती मिळाला, अक्षरे कशी दिसली, हे सविस्तर लिहावे. फोनबरोबर पिन, खात्यातली शिल्लक आणि औषधांची यादीही दुसऱ्याच्या हाती जाते, हे मला यातले सर्वांत गंभीर वाटते. सेवांची व संस्थांची नावे कृपया देऊ नयेत.

दृष्टिहीन शिक्षक, नाशिक जिल्हा

मी फोनवर टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारे प्रोग्राम, वापरतो. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीएचे काम सुरू केले आणि ते आजही विनामूल्य मिळते, म्हणूनच माझ्यासारख्यांच्या घरी ते पोहोचले. स्क्रीन रीडर बटणाला आतून दिलेले नाव वाचून दाखवतो. ते नाव दिलेलेच नसेल, तर नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते. मी वापरत असलेल्या एका पैसे पाठवण्याच्या ॲपची नवी आवृत्ती आली आणि खालच्या पट्टीतली सगळी बटणे अशी निनावी झाली. त्यांतले पैसे पाठवण्याचे कोणते आणि मागवण्याचे कोणते, हे दाबून पाहण्याची हिंमत होईना, म्हणून शेजाऱ्यांना बोलावले आणि त्यांच्यासमोर माझी शिल्लक उघडी झाली.

व्हिडिओ केवायसीत यापेक्षा अधिक त्रास झाला. ‘चेहरा वर्तुळात आणा’ असे स्क्रीनवर लिहून येत होते. परंतु चेहरा डावीकडे गेला की उजवीकडे, हे बोलून कोणी सांगत नव्हते. पुढे स्क्रीनवर उमटलेला अंक मोठ्याने वाचून दाखवायचा होता. माझ्या पत्नीने तो कानात सांगितला, तेव्हा खोलीत दुसरी व्यक्ती असल्याच्या कारणावरून अर्ज थांबवण्यात आला.

मराठीत आणखी एक अडचण आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले होते. अशा फॉन्टमधली पीडीएफ डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण स्क्रीन रीडरला त्यात निरर्थक रोमन अक्षरेच सापडतात. पान स्कॅन करून चढवलेले असेल, तर तेवढेही हाती लागत नाही. शाळेची कितीतरी परिपत्रके मला याच कारणाने सहकाऱ्यांकडून वाचून घ्यावी लागतात.

चांगल्या कामाचाही उल्लेख करायला हवा. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी आणलेले ‘मणी’ हे ॲप कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची आहे हे सांगते आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. सुट्टे पैसे घेताना मला आता कोणाला विचारावे लागत नाही.

कर्णबधिर चित्रकार, कोल्हापूर

कार्ड हरवले तेव्हा ते बंद करण्याचा एकच मार्ग दिला होता : दूरध्वनी. माझ्या भावाला माझ्या नावाने बोलावे लागले आणि सुरक्षेचे सगळे प्रश्न त्यालाच विचारले गेले. लिहून संवाद साधण्याची सोय असती, तर हे काम मी एकटीने केले असते.

निवृत्त परिचारिका, सातारा

नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची काळजी सुरू होते. कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, तिचा मला मोठा आधार वाटतो. अडचण इतरत्र आहे. चष्मा लावूनही बारीक दिसते म्हणून मी फोनची अक्षरे मोठी करून ठेवली आहेत; त्यामुळे काही अर्जांत ‘पुढे’ हे बटण स्क्रीनच्या बाहेर जाते आणि तिथपर्यंत सरकताही येत नाही. अक्षरे पुन्हा लहान करावीत, तर ओटीपी वाचता येत नाही. तो शोधून भरेपर्यंत वेळ संपते आणि भरलेली सारी माहिती पुसली जाते. शेवटी नातवाला हाक मारावी लागते.

संगणक अभियंता, पुणे

वरील आजींच्या दोन्ही अडचणींवर, संकेतस्थळे दिव्यांगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीत, स्पष्ट नियम आहेत. अक्षरे दुप्पट मोठी केली तरी मजकूर किंवा कोणतीही सोय नाहीशी होता कामा नये, आणि वेळेची मर्यादा घालायचीच असेल, तर साधारणपणे ती संपण्याआधी सूचना देऊन वाढवून घेण्याची सोय हवी. साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला उठाव किमान ४.५ : १ असावा, असेही त्यात सांगितले आहे, फिकट राखाडी अक्षरांची आवड तिथे टिकत नाही. डिजिटल सुगम्यतेसाठी भारताचे आयएस १७८०२ हे मानकही आहे आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचा आधारही आहे. नियम उपलब्ध असताना ते कामाच्या अखेरीस उघडले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

देवनागरीसाठी मी स्वतः पाळतो ती एक गोष्ट सांगतो. बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने पक्की केली, की वरची वेलांटी आणि अनुस्वार कापले जातात, खालचा उकारही अर्धा दिसतो, आणि ‘दीन’ हा शब्द ‘दान’ असा भासू लागतो. म्हणून मी उंची मजकुरानुसार वाढू देतो आणि ‘वर्गीकृत नोंदी’, ‘ट्रॅक्टर’ असे जोडाक्षरांचे, रफारांचे शब्द घालूनच चाचणी घेतो. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवणे एका ओळीचे काम आहे. ती ओळ इंग्रजी सांगत असेल, तर स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज निवडू शकतो.

कंपवाताचा रुग्ण, डोंबिवली

मला बटण दाबता येते, परंतु बोट टेकवून सरळ ओढत नेता येत नाही. ‘पैसे देण्यासाठी सरकवा’ अशी पट्टी आली, की हात मधेच थरथरतो आणि पट्टी मागे जाते. चित्राचा तुकडा ओढून रिकाम्या जागी बसवण्याची परीक्षा तर मला कधीच जमलेली नाही, आणि वीजबिलासाठी मुलीला पिन सांगावा लागतो. एका ॲपमध्ये पट्टीऐवजी साधे बटण निवडता येते, हे मला फार उशिरा समजले, कारण तो पर्याय सेटिंगमध्ये बराच आत होता. अभियंत्यांना विनंती आहे की हे बटण पट्टीच्या खालीच, सर्वांना दिसेल असे ठेवावे.