सेटटाइमआउट शून्य म्हणजे आयडल नाही हो

दादा, तुम्ही वर म्हणताय की जावास्क्रिप्टमधलं जड काम सेटटाइमआउटमधे (ठरावीक वेळानंतर काम चालवणारं फंक्शन) शून्य देऊन टाकलं की पेज अडकत नाही, पण ते काम फक्त रांगेत मागे जातं, नंबर आला की मेन थ्रेडला, म्हणजे पेज दाखवणं आणि टायपिंग सांभाळणाऱ्या ब्राउझरच्या मुख्य धाग्याला, धरून बसतंच. मी हे इथे इंदूरला एका कपड्याच्या दुकानाच्या साइटवर भोगलंय. साड्यांच्या कॅटलॉगचा सर्च इंडेक्स (शोधासाठीची सूची) पेज उघडताच बनायचा आणि मालकांच्या जुन्या फोनवर 'महेश्वरी' टाइप करायला गेलं की 'म' उमटून गप्प, मग बाकीची अक्षरं एकदम भदाभदा यायची.

मग रिक्वेस्टआयडलकॉलबॅक लावलं, म्हणजे ब्राउझर आयडल (रिकामा) असेल तेव्हा आपलं फंक्शन चालव असं सांगणं. त्यात डेडलाइन मिळते, तिला टाइमरिमेनिंग, म्हणजे किती वेळ उरलाय ते, विचारायचं, वेळ उरलाय तोवर थोड्या थोड्या साड्या इंडेक्स करायच्या, संपत आला की उरलेल्यांसाठी परत कॉलबॅक लावून बाहेर पडायचं. एका वेळी जास्तीत जास्त ५० मिलिसेकंद मिळतात, आणि ब्राउझर तुमचं फंक्शन मधेच थांबवत नाही बरं का, थांबायचं आपणच. मी आधी डेडलाइन न बघता अख्खा लूप आत टाकला होता, फरक शून्य!

रिक्वेस्टआयडलकॉलबॅकचा टाइमआउट ऑप्शन जपून वापरा, मुदत संपली की ब्राउझर बिझी असला तरी काम चालवतो. डॉममधले (पेजवरच्या घटकांच्या रचनेतले) बदल यात नकोत, ते रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेममधे, जे स्क्रीन पुढच्या वेळी रंगवण्याआधी चालतं. आणि सफारीत रिक्वेस्टआयडलकॉलबॅक बरीच वर्षं बाय डिफॉल्ट चालूच नव्हतं, म्हणून आधी चेक करायचं, नसेल तर तुमचंच सेटटाइमआउट, पण तुकडे पाडून.