मदत हवी आहे: उजेड, रायबोफ्लेविन आणि सोयाबीनमधलं डेडझीन

डेडझीन या संयुगाच्या द्रावणात रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व बी-2, घालून उजेडात ठेवलं की एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून प्रत्येकाचं आलेखावर शिखर दाखवणारं तंत्र) डेडझीनचं शिखर उतरतं आणि त्याच्या अलीकडे एक नवं, छोटं पण ठसठशीत शिखर उभं राहतं. अंधारातला नमुना जसाच्या तसा. नुसतं रायबोफ्लेविन उजेडात ठेवलं तर हे शिखर येत नाही, तेव्हा ते ल्युमिक्रोम, म्हणजे उजेडात रायबोफ्लेविन तुटून होणारं संयुग, नव्हे. डेडझीनला एक हायड्रॉक्सिल (OH गट) जास्तीचं लागलं असावं, असा माझा कयास.

445 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश रायबोफ्लेविन शोषतं, हे ठीक. पण पुढे डेडझीनवर हल्ला कोण करतं, सिंग्लेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं जास्त ऊर्जेचं, जास्त क्रियाशील रूप) की प्रकाशाने उत्तेजित झालेलं रायबोफ्लेविन स्वतः? क जीवनसत्त्व दोघांनाही अडवतं, त्यामुळे त्यातून उलगडा होत नाही. द्रावणातून नायट्रोजन वायू सोडून ऑक्सिजन काढला तर पुरेल, की सिंग्लेट ऑक्सिजनला शमवणारं सोडियम अझाइडही लागेल? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा, फार अडलंय.