मदत हवी आहे: हाताने शिवलेले ब्रोग, डर्बी घेऊ की ऑक्सफर्ड?
नमस्कार मंडळी, ऑफिससाठी चामड्याचे, हाताने बनवलेले ब्रोग (नक्षीदार भोकांचे बूट) घ्यायचे आहेत. माझा पाय रुंद आणि वरून उंच, त्यामुळे ऑक्सफर्डच्या, खालून शिवून बंद केलेल्या लेसपट्ट्या जुळत नाहीत, मध्ये फट राहते. डर्बीत त्या मोकळ्या असतात, म्हणून मन तिकडे झुकतंय. सूटवर डर्बी चालेल ना? तसंही ब्रोगची भोकं मुळात आयर्लंड-स्कॉटलंडच्या दलदलीत पाणी निथळायला पाडलेली म्हणतात, म्हणजे हा काही दरबारी बूट नव्हेच!

खरा घोळ तळव्याचा आहे. ब्लेक शिलाईचे टाके आतून थेट तळव्याबाहेर जातात. बूट हलका होतो, पण ओल आत शिरते. म्हणून तो बाद. राहिलं वेल्ट, म्हणजे वरचं चामडं आणि तळवा जोडणारी, कडेने शिवलेली चामडी पट्टी. मशीनवरच्या गुडइयर वेल्टमध्ये आतल्या तळव्याला बहुधा कापडी पट्टी चिकटवून तिच्यात टाके घालतात. हाताच्या कामात तोच तळवा कोरून त्याच्या कडेतून शिवतात. ती चिकटवलेली पट्टी वापरात खरंच सुटते का, की हातकामाचं नुसतंच कौतुक? दोन्ही वापरलेल्यांनी सांगा. बूट न उसवता हा फरक ओळखता येतो का?

आणि हो, भोकांत साचलेलं पॉलिश कशाने काढता?