जुनी गाडी विकताना: रंगवून विकावी की आहे तशी?

टिळकवाडीकर (धागा काढणारे)
बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अजून बऱ्याच घरांच्या पडवीत ताडपत्रीखाली फियाट डिलाइट नाहीतर अॅम्बॅसडर मार्क टू उभी असते. विकायचं ठरलं की सल्ला एकच: आधी डेंटिंग-पेंटिंग करून घ्या, मग भाव येतोय. माझं मत सरळ उलट आहे. धुऊन, सगळं उघडून दाखवून, आहे तशी विका.

किंमत अशी काढा. तेच मॉडेल, चालू, कागद पूर्ण, अशा गाडीचा झालेला व्यवहार शोधा. जाहिरातीत मागितलेला आकडा धरू नका, तो महिनोन्‌महिने तसाच लटकत असतो. मग पत्रा, इंजिन, ब्रेक, वायरिंग, क्रोम यांची वेगवेगळी कोटेशनं लिहून घ्या आणि त्यावर २० टक्के चढवा, कारण पत्रा कापल्यावरच खरं काम दिसतं. समजा व्यवहार ४ लाखांचा आणि कोटेशन १ लाख ४० हजारांचं. त्यावर २८ हजार धरून १ लाख ६८ हजार वजा करा. तुमचा आकडा २ लाख ३२ हजार.

नव्या रंगाने हा आकडा वाढत नाही, उलट जाणकार गिऱ्हाईक बिचकतं. ते लोहचुंबक पातळ कागदात गुंडाळून मागच्या चाकाच्या कमानीवरून, दाराच्या खालच्या चार बोटांवरून फिरवतं. चुंबक घसरला तिथं पुट्टी. वरून रंग चकचकीत आणि खाली चुंबक धरत नाही म्हटल्यावर सगळीच गाडी पुट्टीची समजून भाव पाडतं.

उद्यमबागकर
हिशेब बरोबर, सुरुवात चुकते ओ. बंद गाडीला हा हिशेब कोणी लावत नाही, तिचा भाव भंगाराच्या वजनावर सुरू होतो. आधी इंजिन चालू करा, आणि तेही थेट चावी फिरवून नव्हे. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, स्टार्टर मारला तर तुटायच्या. चारी स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग क्रँक हाताने फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, त्याचा डिंक होऊन कार्बोरेटरचे जेट बुजतात. पेट्रोलचे रबरी पाइप, ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर नवे घाला.

इंजिन तापलं की कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब तयार होतो ते, गेज लावून बघा. चारी प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारींत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखाद्यात कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा नाहीतर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलंय, नाही चढला तर बहुतेक व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं, बोअरला इंजिनच खाली घ्यावं लागतं. तुमच्या वजाबाकीतला सगळ्यात मोठा फरक इथं पडतोय.

रंगाचंही पटत नाही. खानापूरकडे चार महिने पाऊस. पत्रा उघडा ठेवून गिऱ्हाईकाची वाट बघायची म्हणजे दर पावसाळ्यात गाडीची किंमत कमी करायची.

टिळकवाडीकर
चालू करायचं मान्य. रंगाचं नाही. उघड्या जागी पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) लावा, बस. गंज वरून दिसत नाही, तो खालून येतो. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डामागून उतरून मॅटखाली साचतं. वरून कोरडी दिसणारी मॅट उचलली की फ्लोअरचा पत्रा बिस्किटासारखा हातात येतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा: टणटण वाजला तर पत्रा, भद्द वाजला तर गंज. त्या जागेचे फोटो विकणाऱ्याने स्वतःहून द्यावेत. नवा रंग नेमकं हेच झाकतो.

खानापूर रोड
पत्र्यावरून वाद चाललाय, आणि गाडी अडते कागदावर. आरसीची (नोंदणी पुस्तकाची) मुदत १५ वर्षं, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. जुनं पुस्तक हाताने लिहिलेलं असेल तर आधी आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत नोंद आहे का बघा, नसेल तर आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्या. मालक वारले असतील तर फॉर्म ३१ वर गाडी आधी वारसाच्या नावाने करून घ्या. विक्रीला फॉर्म २९ आणि ३०, आणि गिऱ्हाईक कोल्हापूरचं किंवा गोव्याचं असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत). आपल्या भागात निम्मी गिऱ्हाइकं सीमेपलीकडचीच, त्यामुळे हे टळत नाही. मध्येच कधी डिझेल इंजिन बसवलं असेल आणि आरसीवर चढवलं नसेल, तर चेसिस-इंजिन नंबर तपासतानाच सगळं थांबतं. हे निस्तरेपर्यंत २ लाख ३२ हजार हा आकडा कागदावरच.

निपाणीकर
मग ५० वर्षांवरच्या गाडीची विंटेज नोंदणीच आधी करून टाका की. २०२१ च्या नियमांनी २०,००० रुपयांत १० वर्षांची होते. संग्राहकाला तयार कागद हवा असतो, भाव चढतो.

खानापूर रोड
नको. विंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं, एवढ्यालाच बाहेर काढता येते. रविवारी घरच्यांना घेऊन फिरायला गाडी शोधणारं गिऱ्हाईक तिथंच गळतं. शिवाय चेसिस, बॉडी, इंजिन मोठं बदललेलं असेल तर ती बसतच नाही. १९८२ ची पद्मिनी तर २०३२ पर्यंत विसरा. हा निर्णय गाडी विकत घेणाऱ्यावर सोडा.

निपाणीकर
१९६८ च्या डिलाइटला फिरायला नेणारं गिऱ्हाईक किती, आणि जपून ठेवणारं किती? माझं मत तेच.

उद्यमबागकर
एक राहिलं. क्रँक ग्राइंड झालेला असेल तर बिल शोधा. १० थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आहे की ३० वर, हे कळलं तर पुढं किती वेळा ग्राइंड होईल ते कळतं. बोअरचंही तसंच, मोठं करत करत शेवटच्या साइझला गेलं असेल तर पुढं स्लीव्ह (आतून नवी नळी) घालावं लागणार. ही कामं बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांत होतात. न मिळणारी वस्तू म्हणजे मूळ ग्रिल, हबकॅप, बॅज, दिव्याच्या रिंगा. काढून माळ्यावर टाकलेलं असेल ते सगळं खोक्यात घालून गाडीसोबत द्या, आणि त्या खोक्याची किंमत वेगळी सांगा.