मजुरी वाढली, तरी अमेरिकेत विषमता कशी वाढली?

कोथरूडची वाचक: शनिवारी सदाशिव पेठेत आमच्या अभ्यासमंडळात १८७० ते १९०० च्या अमेरिकेवर बोलायचं आहे. वस्तूंचे भाव उतरत गेल्यामुळे मजुरांच्या पैशाची किंमत वाढली म्हणतात, आणि हाच काळ विषमतेचाही म्हणतात. दोन्हींचा मेळ कसा घालू?

गिरणीचा भोंगा: दोन्ही खरं आहे. रोजाचा दर वेगळा आणि वर्षभरात हाती पडलेले पैसे वेगळे, इथेच गल्लत होते. मंदीत कामच गेलं तर दराचा उपयोग काय? सरासरी बाजूला ठेवा, एकच गाव घ्या: शिकागोजवळचं पुलमन. रेल्वेचे झोपायचे डबे बांधणारा कारखाना कंपनीचा, कामगारांची घरंही तिचीच. १८९३ च्या मंदीत मजुरी सरासरी २५ टक्क्यांनी कापली, भाडं मात्र तेच ठेवलं. पगाराचे दोन चेक निघत, एक भाड्याच्या रकमेचा, दुसरा उरलेल्याचा. पहिल्यावर सही करून तो तिथेच परत द्यायचा.

फळ्यावर हिशोब मांडा (आकडे समजण्यापुरते): मजुरी ४०, भाडं १२, उरले २८. कपातीनंतर मजुरी ३०, भाडं १२, उरले १८. म्हणजे कपात २५ टक्के, पण पिठामिठाचे पैसे ३६ टक्क्यांनी घटले. हे लोकांना लगेच कळतं.

जमाखर्च: याला लाभांशाची जोड द्या. पुलमनमध्ये १८९४ मध्ये झालेल्या संपाच्या सरकारी चौकशी आयोगाप्रमाणे जुलै १८९३ ला संपलेल्या वर्षात मजुरी सुमारे ७२ लाख डॉलर, लाभांश २५ लाख २० हजार. पुढच्याच वर्षी मजुरी ४५ लाखांच्या आत, लाभांश २८ लाख ८० हजार! फक्त एक सांभाळा. ही एकूण मजुरी आहे, त्यात कामावरून काढलेल्यांचा भागही आला. 'दर ३८ टक्के कापला' असं लिहिलंत तर साफ चूक.

कोथरूडची वाचक: पण मग लोक दुसरीकडे भाड्याने का गेले नाहीत? आयोगानेच म्हटलंय ना, की बाहेर भाडी कमी होती?

गिरणीचा भोंगा: हो, बाहेरच्या तशाच घरांपेक्षा पुलमनची भाडी २० ते २५ टक्के जास्त होती. पण कंपनीच्या घरात राहिलं नाही तर काम टिकणार नाही, ही धास्ती होती. घर विकत मिळत नसे, आणि करार दहा दिवसांच्या नोटिशीवर संपवता येई. मे १८९४ मध्ये संप सुरू झाला तो या सगळ्यावरून. सरकारने लष्कर घालून तो मोडला. पुढे १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र कारखान्याला लागत नसलेली घरं कंपनीला विकायला लावली.