रुंद डोकं म्हणजे पूर्वज बाहेरचे? कुलवृत्तांतातलं वाक्य ठेवायचं की काढायचं

दर्यावर्दी, मालवण:
आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती छपाईला जातेय आणि पहिल्याच प्रकरणात लिहिलंय की आपले पूर्वज पृथुकपाली, म्हणून ते मध्य आशियातल्या शकांबरोबर बाहेरून आले. माझं म्हणणं, काढा ते. पृथुकपाली म्हणजे डोक्याच्या रुंदीला लांबीने भागून शंभरने गुणलं की आकडा 80 च्या वर येतो, बस एवढंच, 75 च्या खाली आला तर दीर्घकपाली. यात शक आणले रिस्लेने, 1901 च्या जनगणनेचा कमिशनर, त्याने मराठी ब्राह्मण, कुणबी आणि कुर्गी सगळे एका खणात कोंबून सिथो-द्रविड असं नाव दिलं, सिथो म्हणजे शक. आणि त्याला आडवे गेले ते आपल्या मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये, 1932 साली! आपणच ते विसरायचं?

देवगडचो:
माका ह्या पटूक नाय. घुर्येंनी मापं फेकून दिली नव्हती, उत्तर हिंदुस्थानापुरता रिस्लेचा हिशोब त्यांनी बऱ्यापैकी मान्यच केला होता, बाकी ठिकाणी तो बसत नाही म्हणाले. आणि डोक्याचा आकार आईबापांकडून येतो हे तर घरोघरी दिसतं. जुन्या माणसांनी मेहनतीने लिहिलेलं असं खोडू नका, खाली टीप द्या.

सुईण_गुहागर:
बाळंतपणं करून सांगते, पायाळू बाळाचं डोकं पोटातच लांबट झालेलं असतं, सोनोग्राफीच्या रिपोर्टात डॉक्टर डोलिकोसेफली (तेच तुमचं दीर्घकपाली) लिहितात आणि घरचे घाबरतात, पुढे ते बहुतेक आपोआप गोल होतं. उलट सतत उताणं निजवलेल्या बाळाचं डोकं मागून चपटं होऊन रुंद दिसतं, म्हणून तर आज्या मोहरीची उशी घ्यायच्या (आता डॉक्टर उशी नकोच म्हणतात, जागं असताना पोटावर ठेवा सांगतात). मग निजण्याने बदलणाऱ्या मापावरून दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रवास कसा काय सांगता?

देवगडचो:
तान्ह्या बाळाचं वेगळं, मोठ्या माणसाचं वेगळं. उगाच मिसळू नका.

दर्यावर्दी, मालवण:
मोठ्यांचंच घ्या. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने 1910 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची हजारो डोकी मोजली, तर अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा आकडा आईबापांपेक्षा सरकलेला.

देवगडचो:
आणि 2002 मध्ये तेच आकडे पुन्हा तपासून फरक किरकोळ आहे असं दाखवलं, ते का नाही सांगत?

दर्यावर्दी, मालवण:
सांगतो की, पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी तेच आकडे घेऊन बोआस मुळात बरोबर होता असं मांडलं. आनुवंशिकता मी नाकारतच नाही हो. पण जगात कितीतरी ठिकाणी रुंद डोक्याची माणसं आहेत, ती सगळी शक? सनदा, वतनाचे कागद, देवस्थानाच्या नोंदी घरात पडून आहेत, त्या छापा. टीप चालणार नाही, कारण वाक्य वर राहिलं की पोरं तेच शाळेत जाऊन सांगणार, आणि शेजारच्या वाडीतल्या पोराला तू वेगळ्या रक्ताचा म्हणणार.

देवगडचो:
कागद छापा, त्याला कोणाची ना आहे. पण वाक्य काढायचं तर सगळ्या भाऊबंदांना विचारून, गणपतीला सगळे घरी येतील तेव्हा.